मेथिओनिनपाशी कापताना

आमच्या विभागात मुली ट्रिप्सिन वापरत आणि मुलं सायनोजेन ब्रोमाईड. हा नियम भिंतीवर लावलेला नव्हता, माहितीपुस्तकातही नव्हता. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचे विषय वाटले गेले, तेव्हा मला तो कळला. माझ्याआधी ज्या मुली आमच्या मार्गदर्शक सरांच्या केबिनमध्ये जाऊन आल्या, त्या सगळ्यांच्या विषयात ट्रिप्सिन होतं.

दोन्हींचं काम एकच, प्रथिन कापणं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती कशी बनली आहे हे बघायचं तर तिचे तुकडे करावे लागतात, आणि ते कुठेही करून चालत नाही. कुठं तुटलं हे माहीत असावं लागतं. ट्रिप्सिन हे एन्झाईम, आपल्या आतड्यात अन्न पचवतं तेच. ते साखळी दोन ठरावीक अमिनो आम्लांपाशी तोडतं, पण ती दोन जागोजागी असतात, त्यामुळे बारीक तुकड्यांचा ढीग पडतो. सायनोजेन ब्रोमाईड हे साधं रसायन. ते फक्त मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापाशी तोडतं, आणि मेथिओनिन साखळीत फार थोडं असतं. त्यामुळे तुकडे मोठे आणि मोजके मिळतात. फरक एवढाच, की ट्रिप्सिन हातावर सांडलं तर हात धुवायचा. सायनोजेन ब्रोमाईडची वाफ नाकात गेली तर हात धुऊन भागत नाही.

माझ्या वाट्याला मेथिओनिन आलं तेव्हा मला वाटलं, नियम मोडला. तसं नव्हतं. सर म्हणाले, म्हशीच्या दुधातून एक छोटं प्रथिन वेगळं काढायचं काम माझं, कापायचं काम दादा करेल. मी मान हलवली.

मी तशी मान हलवणारीच होते. शहरातल्या राजारामपुरीत वाढले, शाळा इंग्रजी माध्यमाची, घर जैन, शिस्तीचं आणि हळू आवाजात बोलणारं. विभागात सगळे मोठ्यानं बोलत, एकमेकांचं वाक्य तोडत बोलत. माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. त्यामुळे मी बघत बसायचे. माझं नाव त्यांनी ‘सायलेंट मोड’ ठेवलं होतं. सर मुलांना आडनावानं हाक मारत आणि आम्हा मुलींना ‘बाळ’ म्हणत. ते प्रेमानं म्हणत, यात मला शंका नाही.

दादा म्हणजे सरांकडे पीएच.डी. करणारा सीनियर. शहराजवळच्या गडमुडशिंगी गावचा. घरी म्हशी होत्या, त्यामुळे माझ्या कामाचं दूध तोच गाडीला अडकवून आणायचा. मला तो मॅडम म्हणायचा, चेष्टेनं. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सगळा विषय त्याच्या भाषेत समजावून दिला होता.

“बघ मॅडम, ऊस तोडणारा कोयता कुठंबी चालवतो. ट्रिप्सिन तसलंच. ह्यो गडी मात्र अख्ख्या उसात एकच पेर हुडकतो आणि तिथंच घाव घालतो.”

आमच्या प्रथिनात तर मेथिओनिन खरोखरच एकच होतं. म्हणजे एकच घाव, दोन तुकडे. एक मोठा, एक लहान. इतका स्वच्छ प्रयोग विभागात दुसऱ्या कुणाकडे नव्हता आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. दूध नासवून चोथा बाजूला काढायचा, निवळी घ्यायची, ती गाळणी भरलेल्या काचेच्या उभ्या स्तंभातून थेंब थेंब गळू द्यायची, कुठल्या थेंबात आपलं प्रथिन आहे ते शोधायचं. गणपती येऊन गेले, पितृपक्ष संपला, तेव्हा माझ्याकडे कापसासारखी पांढरी, हलकी पावडर जमली होती. चिमूटभरच, पण माझी.

खंडेनवमीला विभागात यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं पुसून घेतात. तराजू, सेंट्रिफ्यूज, पाणी शुद्ध करायचं डिस्टिलेशनचं यंत्र, सगळी बंद करून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. फ्रीज तेवढा चालू ठेवतात. त्या दिवशी कुठलंही यंत्र चालवायचं नाही, हे कुणी कितीही शिकलेला असला तरी पाळतो. रांगोळी आणि हळदकुंकू मुलींकडे. विषारी वाफा बाहेर ओढून नेणारं काचेचं मोठं कपाट असतं, त्याला फ्यूम हूड म्हणतात. मी त्याच्यासमोर फरशीवर बसून रांगोळी काढली, मग उठून त्याच्या सरकत्या काचेवर कुंकवाची बोटं उठवली. ती काच वर करायची मला मनाई होती. हळद लावायची मोकळीक होती.

दादा तेव्हा हूडमधल्या नळ्या धूत होता. हूडखाली ब्लीचची एक बादली कायम असायची, कारण उरलेलं सायनोजेन ब्रोमाईड ब्लीचनंच मारतात. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. तेव्हापासून तो फार जपत होता, घरी जाण्याआधी कोपरापर्यंत हात घासायचा. त्या दिवशी त्यानं होत्या नव्हत्या तेवढ्या नळ्या ब्लीचमध्ये बुडवून काढल्या. पूजेला सगळं निर्मळ पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्या खळखळून धुवायला डिस्टिल्ड पाणी संपलेलं, आणि यंत्र हार घालून बसलेलं. त्यानं नळ्या नळाखाली एकदा धरल्या आणि पालथ्या घातल्या. मग माझं विरघळवलेलं प्रथिन त्याच नळ्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं, दसरा झाला की लगेच कापायला घ्यायचं म्हणून. मी हे सगळं तिथूनच पाहिलं. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

दसऱ्यानंतर त्यानं एका नळीतलं प्रथिन कापलं, बाकीच्या नळ्या फ्रीजमध्येच राहिल्या. मी लांब, दाराजवळ. दुसऱ्या दिवशी जेल चालवलं. जेल म्हणजे पातळ, थरथरता थर. त्यातून प्रथिनं वीजप्रवाहानं पुढं ढकलतात, लहान तुकडे पुढं पळतात, मोठे मागं राहतात, आणि रंग दिला की निळे पट्टे दिसतात. आम्हाला दोन पट्टे हवे होते. एक आला. न कापलेल्या प्रथिनाच्या बरोबर शेजारी, तेवढ्याच उंचीवर. काहीही तुटलं नव्हतं.

सरांनी जेल उजेडात धरून पाहिलं. दादाला त्यांनी काही विचारलं नाही. मला म्हणाले, प्रथिन शुद्ध निघालेलं नाही, दूध हाताळण्यात घाई झाली असणार. आता यात वेळ घालवू नकोस, ट्रिप्सिन कर, परीक्षेपर्यंत सहज होऊन जाईल. दादा खाली बघत उभा होता. मी मान हलवली नाही, पण बोललेही नाही. माझ्या पावडरीत भेसळ नव्हती. ते मी कापण्याआधी स्वतः तपासलं होतं, एकच स्वच्छ पट्टा होता, आणि तो त्यांनी पाहिलाही होता.

उत्तर मला घरी सापडलं. दिवाळीची आवराआवर चालली होती आणि मम्मी मागच्या दाराच्या मोरीत ब्लीच ओतून फरशी घासत होती. तो वास आला आणि मला हूडखालची बादली दिसली. मेथिओनिनमध्ये गंधक असतं. सायनोजेन ब्रोमाईड पकडतं ते त्या गंधकालाच. पण गंधकाला आधीच ऑक्सिजन चिकटला असेल, तर ब्रोमाईडला पकडायला जागाच उरत नाही आणि साखळी अखंड राहते. आणि ब्लीच दुसरं काय करतं. ते ऑक्सिजनच चिकटवतं. मेथिओनिन तर इतकं हळवं, की त्याला नळीच्या भिंतीवर राहिलेला ओलसर अंशही पुरतो. माझं प्रथिन शुद्ध होतं. नळी शुद्ध नव्हती, फार शुद्ध केल्यामुळे.

यावर इलाजही पुस्तकात होता. मर्कॅप्टोइथॅनॉल नावाच्या द्रवात प्रथिन ठेवलं की तो ऑक्सिजन निघून जातो आणि मेथिओनिन पुन्हा पहिल्यासारखं होतं. एरवी जेलच्या कामात त्याचे दोन थेंब लागतात. मला बरंच लागणार होतं. ते मुलींना मना नव्हतं, कारण त्यानं कुणी मरत नाही, फक्त वास येतो, असं सगळे धरून चालत. पण काय वास. सडका कांदा, त्यात गटार. हातमोज्यातून तो आत येतो, केसांत बसतो, ओढणीत बसतो.

आमच्या घरी कांदा-लसूण येत नाही आणि जेवण दिवस मावळायच्या आत होतं. ते वापरलं त्या दिवशी मी साडेपाचला ताटावर बसले आणि मम्मी वाढता वाढता थांबली. वाकून माझी ओढणी हुंगली.

“कांदा खाऊन आलीस व्हय?”

मी नाही म्हटलं. तिनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा आमटी ओरपत राहिले. ती म्हणाली, बाहेर राहून पोरी काय काय शिकतात ते तिला ठाऊक आहे, तिला शिकवायला जाऊ नये. मी सांगू शकले असते. वास कशाचा, तो का लावून घेतला, सगळं. पण त्या दिवसांत मी एका गोष्टीला कंटाळले होते. मी काय केलं याचा खुलासा सगळ्यांनी माझ्याकडे मागायचा, आणि कापलं दुसऱ्यानं, तरी खुलासा माझाच. मी गप्प जेवले. पुढचा आठवडाभर मम्मीनं माझं ताट जरा लांब मांडलं.

सरांच्या आधी मी दादाला सांगितलं. नळ्या, नळ, बंद यंत्र, सगळं.

“म्हंजी माझ्या बादलीनं घाण केली व्हय,” तो म्हणाला. मग लगेच, “आण की तुझं प्रथिन. परत कापतो. सरांना मी सांगतो.”

तो मनापासून म्हणत होता. त्यात माझी सोयच होती. पण मी नको म्हटलं. त्याला कळेना. मी जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी सलग चार वाक्यं बोलले असेन. मी म्हटलं, मागच्या वेळी कापलं तुम्ही आणि फसलं माझं प्रथिन. आता तुम्ही कापाल आणि जमेल, तर जमेल तुमच्या हातानं. फसलं तर प्रथिन माझं, जमलं तर हात तुमचा. मला यातलं दोन्ही नको. मला स्वतः कापायचंय.

“सायलेंट मोड गेला की गं तुझा,” तो म्हणाला. हसला नाही मात्र.

सरांच्या केबिनमध्ये मी उभीच राहिले. नळ्यांचं ऐकून सर खूश झाले, माझं डोकं चांगलं आहे म्हणाले, दादाला पुन्हा कापायला सांगतो म्हणाले. मी म्हटलं, मी कापणार. सरांनी चष्मा काढला.

“बाळ, हे तुझ्या भल्यासाठीच आहे. उद्या तुझं लग्न होईल, मुलंबाळं होतील. मला तुझ्या आईवडिलांना तोंड दाखवायचंय.”

दारात दादा उभा होता. माझा आवाज लहान निघत होता, पण निघत होता.

“सर, दादांना दसऱ्याच्या आधीच मुलगी झाली. आपण सगळ्यांनी बर्फी खाल्ली.”

दादाला खोकला आला. सरांचा चेहरा उतरला नाही, उलट कठीण झाला. ते म्हणाले, तो वेगळा विषय आहे. मग म्हणाले, ठीक आहे, वडिलांना घेऊन ये. त्यांनी माझ्यासमोर हो म्हटलं तर बघू.

मी बाहेर आले ती रागानं कान गरम होऊन. विष धोक्याचं आहे हे मला मान्य होतं. हातमोजे हवेत, हूड चालू हवा, दुसरं माणूस जवळ हवं, हे सगळं मान्य. पण दादाचे वडील कधी विभागात आले नव्हते. कुठल्याच मुलाचे आले नव्हते. मी मतदान करते, गाडी चालवते, आणि एका नळीत दुसरं रसायन ओतायला मला पप्पांचं हो लागणार.

मी घरी काही बोलले नाही, तर सरांनीच पप्पांना फोन केला. संध्याकाळी ताटावर तो विषय निघाला. पप्पांचं खताचं आणि शेतीऔषधांचं दुकान आहे. कीटकनाशकांचे डबे ते दिवसभर हाताळतात, त्यामुळे विष हा शब्द ऐकून ते दचकले नाहीत. मम्मी दचकली. ते रसायन काय, त्यानं काय होतं, तिनं सगळं विचारून घेतलं आणि तेवढ्यात तिला ओढणीचा वासही उलगडला. ती हातातली वाटी धरून तशीच उभी राहिली.

“त्यापरीस कांदा खाल्ला असतास तर बरं झालं असतं गं,” ती म्हणाली.

पप्पा हसले. मग मला म्हणाले की उद्या दुकान उघडायच्या आधी ते येतील. सरांना सांगतील, पोरगी विचार करून करते, करू द्या. अडचण नाही.

ते ऐकून मी हातातला घास परत ताटात ठेवला. ते माझ्या बाजूनं होते. कितीतरी मुलींना एवढं मिळत नाही, हेही मला कळत होतं. तरी मी म्हटलं, पप्पा, तुम्ही येऊ नका.

“अगं, मी हो म्हणायलाच येतोय.”

“म्हणूनच येऊ नका.”

त्यांना लागलं. मला ते दिसलं. मी समजावायचा प्रयत्न केला, की तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या हो वर मी ते करीन, आणि मग नाही म्हणायचा हक्कही तुमचाच होईल. पुढच्या मुलीचे वडील नाही म्हणतील आणि सर म्हणतील, बघ, तिच्या वडिलांनी दिली होती परवानगी. माझं मराठी अशा वेळी अडखळतं, अर्धं इंग्रजीत गेलं. पप्पांनी ताट पुढं सारलं आणि हात धुवायला उठले. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी माझं म्हणणं मागं घेतलं नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी विभागात गेले, ॲप्रन घातला आणि हूडसमोरच्या स्टुलावर बसले. ट्रिप्सिनची बाटली कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती, तिला हात लावला नाही. सर यायचे, बघायचे, केबिनमध्ये जायचे. एकदा म्हणाले, बाळ, वर्ष वाया जाईल. मी म्हटलं, हो सर. जाणार असेल तर जाईल, असं मला खरंच वाटत होतं. भीतीही वाटत होती. वर्ष वाया गेलं तर घरात स्थळं बघायला सुरुवात होईल हे मला माहीत होतं, आणि एकदा ती सुरुवात झाली की प्रथिनं आणि त्यांचे तुकडे कुणी विचारणार नव्हतं. बाकीच्या मुली माझ्याशी जपून बोलायला लागल्या. एकीनं मला हळूच सांगितलं की ट्रिप्सिननंसुद्धा चांगला प्रबंध होतो. होतो, मला माहीत आहे. ट्रिप्सिनशी माझं भांडण नव्हतं.

दादा येता-जाता टोमणे मारायचा. राधानगरीनंतर दुसरं धरण मॅडमनी इथं धरलंय, असं त्यानं सगळ्या लॅबला सांगितलं. पण तोच एका सकाळी माझ्यादेखत केबिनमध्ये शिरला. दार उघडंच होतं.

“सर, माझ्या हातनं न्हाई झालं. तिला करू द्या की. मी बाजूला उभा ऱ्हातो.”

आतून कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, मी केबिनमध्ये कामात आहे. बाहेर काय चाललंय ते मला माहीत नाही.

एवढीच ती परवानगी. सरांना नाही म्हणायचं धाडस होईना, हो म्हणावंसं वाटेना. मी ती घेतली. अपमान वाटून घ्यायला नंतर वेळ होता.

दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, उभे राहा, पण हात लावू नका. त्यानं दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले आणि मला दाखवले. मी डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतलेल्या दोन नळ्या घेतल्या. एकीत ब्लीच लागलेलं जुनं प्रथिन, दुसरीत मर्कॅप्टोइथॅनॉलनं दुरुस्त करून, त्याचा वासही निघून जाईपर्यंत पाणी बदलत ठेवलेलं प्रथिन. दोन्ही बरोबर कापायची होती, म्हणजे माझं म्हणणं खरं की खोटं हे नळ्याच सांगणार होत्या. हूडचा पंखा घरघरत होता. मी काच वर केली, हात जाईल एवढीच. ती जड होती. हे मला माहीत नव्हतं. इतके महिने मी ती फक्त बाहेरून पाहिली होती.

सायनोजेन ब्रोमाईड दिसायला काहीच नसतं. पांढरे खडे, पिठीसाखरेत राहिलेल्या खड्यांसारखे. फॉर्मिक आम्लाचा तिखट झणका हूड ओढून नेत होता, तरी डोळ्यांत आल्यासारखा वाटला. माझा श्वास वर राहिला होता. दादा मागून म्हणाला, “श्वास घे मॅडम, त्यो न्हाई घेतला तर तशीच पडशील.” मी श्वास घेतला, खडे टाकले, नळ्यांत नायट्रोजन सोडला, तोंडं बंद केली, उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागदात गुंडाळल्या आणि काच खाली ओढली. घड्याळ बघितलं असतं तर कळलं असतं किती वेळ लागला. मला तो फार थोडा वाटला. एवढ्यासाठी, असं मनात आलं. एवढ्यासाठी वडील हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेल रंगातून बाहेर काढलं. जुन्या नळीच्या रांगेत एकच पट्टा, वर, हट्टी. शेजारच्या रांगेत तो पट्टा फिका झालेला, आणि त्याच्याखाली दोन नवे. एक जरा खाली, एक खूप खाली, अगदी कडेला. मोठा तुकडा आणि लहान तुकडा. दादानं जेलवर इतकं वाकून पाहिलं की त्याचं नाक लागेल असं वाटलं. मग त्यानं घरी फोन लावला आणि बायकोला सांगितलं, आपल्या म्हशीचं दूध तुटलं, बरोबर जाग्यावर. ती बिचारी घाबरली असणार.

सरांनी जेल पाहिलं. छान, म्हणाले. कुणी केलं हे विचारलं नाही. प्रबंधाचा कच्चा मसुदा परत आला त्यात पद्धतीच्या भागात त्यांनी एक वाक्य घातलं होतं, की कापण्याची क्रिया अनुभवी संशोधकाच्या हस्ते करण्यात आली. मी ते खोडलं. ते पुन्हा आलं. मी पुन्हा खोडलं आणि छापायला देताना ते नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्क, दमलेले, सकाळपासून तेच तेच ऐकून कंटाळलेले. माझा प्रबंध चाळता चाळता ते जेलच्या फोटोवर थांबले आणि सायनोजेन ब्रोमाईड कुणी वापरलं, असं त्यांनी सरांकडे बघून विचारलं. सर लगेच म्हणाले, आमचा सीनियर विद्यार्थी आहे, मुलींच्या हातात आम्ही ते देत नाही. ते अभिमानानं म्हणाले. काळजी घेणाऱ्या माणसाच्या आवाजात.

खोलीत माझ्या वर्गातल्या सगळ्याजणी बसल्या होत्या. दादा मागं भिंतीला टेकून उभा होता. मी बोलले नसते तर कुणालाच काही वाटलं नसतं. माझे गुणही कमी झाले नसते, कदाचित वाढले असते.

“मी केलं,” मी म्हटलं.

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. “सर तर सीनियरनं केलं म्हणतात.”

“सर तेव्हा केबिनमध्ये होते.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि मग मला खरे प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन नळ्या का, जुनी का ठेवली, ऑक्सिजन चिकटला हे कशावरून. मी सगळं सांगितलं, खंडेनवमीसकट. यंत्राला हार घालून पाणी बंद होतं हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडेही घालतात. शेवटी त्यांनी विचारलं, भीती वाटली नाही का.

“वाटली,” मी म्हटलं. “दादांनाही वाटते.”

मागून दादा म्हणाला, “व्हय सर, लई वाटते,” आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. जिन्यात त्यांनी मला गाठलं. इतकं चारचौघांत बोलायची गरज होती का, असं विचारलं. या वेळी बाळ म्हणाले नाहीत. मी म्हटलं, होती. ते खाली उतरून गेले आणि तेव्हापासून आमचं बोलणं नमस्कारापुरतं आहे. मला वाईट वाटतं. त्यांनी मला पुष्कळ शिकवलंय. पण त्या उत्तरात मी आजही बदल करणार नाही.

आता मी त्याच विभागात वरच्या मजल्यावर, दुसऱ्या मॅडमच्या प्रोजेक्टवर काम करते. यंदा सरांकडच्या एका मुलीनं मेथिओनिनचा विषय मागितला. सरांनी तिला वडिलांना आणायला सांगितलं आणि ती घेऊन आली. मला कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडले, मनातल्या मनात. मग जिन्यात माझी त्या बापलेकींशी गाठ पडली. राधानगरीकडची माणसं, पहाटेची एस.टी. धरून आलेली. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात खव्याची पिशवी होती, सरांसाठी.

त्यांनी मला विचारलं, “ताई, ते औषध धोक्याचं हाय का?”

मी आधी मुलीला दोन-चार प्रश्न विचारले, मग त्यांना म्हटलं, आहे. तुमच्या मुलीला ते नीट माहीत आहे, आणि काय काळजी घ्यायची तेही माहीत आहे. मी विचारून बघितलं तिला.

त्यांनी मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तिला ठावं हाय,” ते म्हणाले, “मग मला कशाला बोलावलंय?”

मी सरांच्या केबिनकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, हे आत जाऊन विचारा.